ग्लॅम विरुद्ध प्रॉग? ही तर भाऊबंदकी!

कॅसेटवाला (धागाकर्ता)

परवा शेजारच्या धाग्यावर 'खरं रॉक कोणतं' यावरून जुंपली होती. एकीकडे प्रॉगवाले (प्रॉग म्हणजे लांब, गुंतागुंतीचं प्रोग्रेसिव्ह रॉक): आमचं संगीत अभ्यासाचं, ग्लॅम म्हणजे चमकी फासून केलेला पोरखेळ. दुसरीकडे ग्लॅमवाले (चमकदार पोशाखातलं छोटं, नाचरं रॉक): तुमचं वीस-वीस मिनिटांचं चऱ्हाट ऐकायला वेळ कुणाला आहे? मी तिथे तोंड घातलं नाही, कारण मला दोन्ही बाजू मुळातच पटत नाहीत. ही दोन वेगळी घराणी नव्हेत. १९६६-६७ च्या लंडनमध्ये सायकेडेलिया (नशेतल्या स्वप्नासारखं तरंगतं संगीत) नावाच्या एकाच वाड्यात वाढलेली ही भावंडं. पुढे वाटण्या झाल्या त्या सुरांवरून कमी आणि बाजारावरून जास्त.

साक्षीला आधी रिक वेकमनला उभं करतो. १९६९ मध्ये डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी'त जो मेलोट्रॉन ऐकू येतो तो याने वाजवलेला. १९७१ मध्ये मार्क बोलनच्या टी. रेक्स बँडच्या 'गेट इट ऑन'मध्ये पियानोच्या पट्ट्यांवरून सर्रकन बोट ओढल्याचा जो आवाज मधूनमधून येतो, तोही याचाच. त्या कामाचे नऊ पौंड मिळाले, आणि घरभाडं द्यायचं होतं म्हणून गेलो, असं तो स्वतः सांगतो. त्याच वर्षी बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स?'चा पियानो. म्हणजे ग्लॅमच्या दोन्ही दैवतांच्या देवळात हा गडी वाजवून आला आहे. मग १९७१ च्या उन्हाळ्यात त्याला दोन बोलावणी एकदम आली: एक बोवीच्या नव्या बँडचं, दुसरं 'येस' या प्रॉग बँडचं. तो येसमध्ये गेला. १९७२ मध्ये इकडे बोवीचा 'झिगी स्टारडस्ट' आला, तिकडे येसचा 'क्लोज टू द एज'. एकाच माणसाने त्या उन्हाळ्यात उलटा कौल दिला असता तर आपण त्याला आज कोणत्या कप्प्यात टाकलं असतं?

आता वाड्याकडे येतो. २३ डिसेंबर १९६६ ला टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका आयरिश डान्स हॉलच्या तळघरात 'यूएफओ' नावाचा क्लब सुरू झाला. चालवणारे जो बॉइड आणि जॉन हॉपकिन्स. घरचे बँड दोन, पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन. भिंतीवर प्रोजेक्टरने रंगीत तेलाचे ओघळ नाचवायचे आणि खाली गाणं कुठे थांबवायचं याचा कुणालाच धरबंध नाही. त्या फ्लॉइडचा म्होरक्या सिड बॅरेट. या पोराने १९६७ च्या एका वर्षात दोन गोष्टी केल्या. 'सी एमिली प्ले' हे तीन मिनिटांच्या आतलं, गुणगुणता येईल असं गाणं लिहिलं, ते ब्रिटिश चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेलं. आणि पहिल्याच अल्बमवर 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' हे जवळपास दहा मिनिटांचं शब्दहीन वादळ टाकलं. सुंदर चेहरा, डोळ्यांत काजळ, विचित्र गोड गाणी हा एक बॅरेट. वेळेचं भान सुटलेला, आवाजाशी खेळणारा हा दुसरा. १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला आणि वारसा सरळ दोन भागांत विभागला गेला. लांब पल्ल्याचा भाग उरलेल्या फ्लॉइडकडे राहिला, तिथून 'एकोज' आणि 'डार्क साइड ऑफ द मून'. चेहऱ्याचा आणि गाण्याचा भाग मार्क बोलन आणि बोवीने उचलला. बोवीने तर १९७३ च्या 'पिन अप्स'मध्ये 'सी एमिली प्ले' स्वतःच गायलं आहे. वारसा हक्काचा याहून उघड दाखला कोणता?

आणि बोलन. १९६८ मधला बोलन म्हणजे 'टिरॅनोसॉरस रेक्स': गालिच्यावर मांडी घालून बसलेला, हातात अकूस्टिक गिटार, शेजारी बोंगो वाजवणारा स्टीव्ह पेरेग्रिन टूक. ते पेरेग्रिन टूक नावसुद्धा टोल्किनच्या हॉबिटावरून घेतलेलं. गाण्यांत जादूगार, हरणं, पऱ्या. ऑक्टोबर १९७० मध्ये नाव छाटून टी. रेक्स केलं, गिटारला वीज जोडली आणि 'राइड अ व्हाइट स्वॉन' दुसऱ्या नंबरवर नेलं. पुढच्या मार्चमध्ये बीबीसी टीव्हीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर सॅटिनचे कपडे आणि डोळ्यांखाली चमकी लावून आला, 'हॉट लव्ह' सहा आठवडे पहिल्या नंबरवर. निर्माता मात्र आधीपासूनचाच, टोनी व्हिस्कॉन्टी. ओळींमधले जादूगारही कुठे गेले नव्हते, फक्त आता ते नाचत होते.

बाजाराचं म्हणतो ते असं. साठचं दशक संपता संपता ब्रिटनमध्ये एलपीचं, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डचं, महत्त्व वाढत गेलं. मोठ्या कंपन्यांनी त्या गिऱ्हाइकासाठी वेगळी दुकानं, म्हणजे लेबलं, थाटली: ईएमआयचं 'हार्वेस्ट' आणि फिलिप्सचं 'व्हर्टिगो', दोन्ही १९६९ ची. एलपी घेणारा कॉलेजातला पोरगा, सिंगल (एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड) घेणारी शाळेतली पोरं. बीबीसीवरही वाटणी झाली, सिंगलवाल्यांना 'टॉप ऑफ द पॉप्स' आणि सप्टेंबर १९७१ पासून एलपीवाल्यांना 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट'. फ्लॉइडने १९६८ च्या डिसेंबरनंतर थेट १९७९ पर्यंत ब्रिटनमध्ये एकही सिंगल काढलं नाही. ही दुकानांची पाटी आपण पन्नास वर्षांनंतरही कपाळावर मिरवतोय.

असो. बोला.

निळी शाई

मस्त! वेकमनचे नऊ पौंड माहीत नव्हते. एक बाळबोध शंका: हा मेलोट्रॉन म्हणजे नक्की काय? सिंथेसायझरचाच भाऊ का?

कॅसेटवाला

नाही, ती पूर्ण वेगळी जात. सिंथेसायझर आवाज विजेतून घडवतो. मेलोट्रॉनच्या पोटात आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या टेपचे तुकडे असतात, कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीला एक. 'सा' दाबला की एका फिरत्या दांड्यावर 'सा'ची टेप दाबली जाते, हेडवरून सरकते आणि खऱ्या व्हायोलिनवाल्याने कधीकाळी वाजवलेला तो स्वर ऐकू येतो. तुकडा साधारण आठ सेकंदांचा. त्यापुढे बोट ठेवून उपयोग नाही, टेप संपते. बोट उचललं की स्प्रिंग ती मागे खेचते. म्हणजे लांब सूर धरायचा तर बोटं सतत बदलत राहायची. वर मोटरचा वेग जरा इकडेतिकडे झाला की सूर डुगडुगतो. ते जे ढगातून आल्यासारखं, किंचित आजारी व्हायोलिन ऐकू येतं ना, ते यामुळे.

बनवणारे बर्मिंगहॅमचे, स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्स. 'मूडी ब्लूज'चा माइक पिंडर आधी त्याच कारखान्यात कामाला होता. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या सुरुवातीची बासरी मेलोट्रॉनचीच. तिथून १९६९ मध्ये 'स्पेस ऑडिटी' आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किंग क्रिम्झन या प्रॉग बँडचा पहिला अल्बम. यंत्र एकच. क्रिम्झनने पुढे आपला एक मेलोट्रॉन जेनेसिस या दुसऱ्या प्रॉग बँडला विकला, म्हणजे वाड्यातली भांडीसुद्धा घरातल्या घरातच फिरत होती.

फटकळ

कॅसेटवाले काका, गोष्ट छान रचली आहे, पण पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलवाल्या चक बेरीला तुम्ही सोयीस्कर गाळलंत. 'गेट इट ऑन'च्या शेवटी बोलन चक बेरीच्या 'लिटल क्वीनी'तली ओळ चक्क म्हणतो. ती गिटार पन्नासच्या दशकातली, टाळ्या पन्नासच्या दशकातल्या, केसांचा कोंबडा पन्नासच्या दशकातला. ग्लॅम म्हणजे सायकेडेलियाचं पोर नाही, सायकेडेलियाला कंटाळून आजोबांकडे पळून गेलेलं पोर आहे. बीबीसीचा निवेदक जॉन पील याने टिरॅनोसॉरस रेक्सला रेडिओवर डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर गोष्टही वाचून दाखवली होती, आणि 'गेट इट ऑन' आवडलं नाही म्हटल्यावर दोघांची मैत्री आटली. वारसा इतका सरळ असता तर पीलला कळला नसता?

वाईकर

फटकळ यांच्याशी अर्धा सहमत. पण मग रॉय वुडचं काय करायचं? 'द मूव्ह' हा सायकेडेलिक बँड त्याचा. बीबीसी रेडिओ वन ३० सप्टेंबर १९६७ ला सुरू झालं तेव्हा पहिली लागलेली रेकॉर्ड त्याच्या 'फ्लॉवर्स इन द रेन'ची. त्यातून जेफ लिनबरोबर चेलो-व्हायोलिनवालं 'इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा' सुरू केलं, ते पूर्ण प्रॉगच्या अंगाने. १९७२ मध्ये तेही सोडलं आणि 'विझर्ड' काढून तोंडाला रंग फासून पन्नासच्या दशकातलं रॉक अँड रोल वाजवायला लागला. एकच माणूस, तिन्ही गोष्टी, पाच वर्षांत. आजोबांकडे पळालं म्हणा, पण पळालं याच वाड्यातून.

आणि रॉक्सी म्युझिक! त्यांचा गायक ब्रायन फेरी आधी किंग क्रिम्झनमध्ये गायक व्हायला गेला होता. तिथे निवड झाली नाही, पण त्याचा आवाज लक्षात ठेवून क्रिम्झनवाल्यांनी आपल्या मॅनेजमेंटला नाव सुचवलं. १९७२ चा रॉक्सीचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला पीट सिनफील्डने, म्हणजे क्रिम्झनच्या गीतकाराने. रॉक्सीचा ब्रायन इनो पिसांचा कोट घालून जे यंत्र फिरवत उभा असायचा ते व्हीसीएस-थ्री सिंथेसायझर. पुटनीच्या ईएमएस कंपनीचं, टेबलावर मावेल एवढं, वायरींऐवजी छोट्या खुंट्या खोचून आवाज जोडायचे. इनो त्यावर सूर फारसे वाजवतच नसे, बँडमधल्या मॅन्झनेराची गिटार किंवा मॅकेचा ओबो त्यातून गाळून काढायचा. तेच यंत्र 'डार्क साइड'वरही आहे. १९७३ मध्ये इनो आणि क्रिम्झनचा रॉबर्ट फ्रिप यांनी मिळून अल्बम काढला. पिसांचा कोट आणि स्टुलावर बसून वाजवणारा मास्तर, एका खोलीत.

फटकळ

रॉक्सी मान्य. पण रॉक्सी अपवाद आहेत.

कॅसेटवाला

अपवाद फार व्हायला लागले की त्यांनाच नियम म्हणायचं असतं. बोवी, बोलन, वुड, रॉक्सी, उरलं कोण?

नगरी

आमच्या नगरचा (आता अहिल्यानगर) उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहितो. १९६९ च्या मे महिन्यात 'द हू' या ब्रिटिश बँडचं 'टॉमी' आलं. प्रॉगचा जो 'एक गोष्ट सांगणारा अल्बम' हा सोस, त्यातलं हे मोठं नाव. त्याच्या श्रेयनामावलीत 'अवतार: मेहेरबाबा' असं छापलेलं आहे. 'द हू'चा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. बाबा पुण्यात जन्मले, डेक्कन कॉलेजात शिकले, १९२५ पासून शेवटपर्यंत मौनात राहिले. ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला, 'टॉमी' बाजारात आलं त्याच्या चार महिने आधी. समाधी अरणगावजवळ मेहेराबादला. दर जानेवारीअखेर तिथे अमरतिथीला परदेशी मंडळींची रीघ असते, आम्ही लहानपणी नुसतेच बघत उभे राहायचो. या गोऱ्या लोकांचा रॉकशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

आणखी एक. बाबा एलएसडी या नशेच्या गोळीच्या स्पष्ट विरोधात होते, १९६६ मध्ये 'गोळीत देव?' अशा अर्थाची पुस्तिकाच त्यांच्या नावाने निघाली. सायकेडेलियाच्या ऐन भरात टाउनशेंड गोळ्या सोडून बाबांकडे वळला. सायकेडेलिक गाण्यातला 'मी कुठेतरी तरंगतोय' हा भाव जाऊन तिथे गुरू, परीक्षा, मुक्ती असा पूर्ण कथाप्रवास आला, त्याचं मूळ मला इथे दिसतं. कॅसेटवाले म्हणतात तसं सगळं काही बाजाराने ठरवलं नाही.

खर्ज

नगरी यांना दंडवत. त्याला जोडून: 'द हू'च्याच १९७१ च्या 'बाबा ओ'रायली'तला बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. हा रायली पंडित प्राणनाथांचा शागीर्द, आणि प्राणनाथ किराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. म्हणजे नगरचे बाबा आणि किराणा घराणं एका रॉक गाण्याच्या नावात एकत्र नांदतात. सुरुवातीचं ते गरगरणारं वाद्य सगळे सिंथेसायझर समजतात, ते लाउरी कंपनीचं घरगुती ऑर्गन आहे, त्यातल्या 'मरिंबा रिपीट' या सोयीने वाजवलेलं.

आता मूळ वादाबद्दल. वीस मिनिटांचं चऱ्हाट म्हणणाऱ्यांना आमच्यासारखे बडा ख्याल ऐकणारे हसतील, असं वाटेल. पण ती तुलना लंगडी आहे. ख्यालात लांबी आपोआप येते, कलाकार त्या क्षणी राग उलगडत असतो. यूएफओमधली फ्लॉइड त्याच्या थोडी जवळ होती. येस किंवा जेनेसिसमध्ये मात्र एकेक मात्रा आधी बांधलेली, उद्याच्या कार्यक्रमातही तीच. सायकेडेलियातून प्रॉग झालं तेव्हा नेमकं हे बदललं: उत्स्फूर्त लांबी जाऊन लिहिलेली लांबी आली. माझ्या मते तोटाच झाला.

कॅसेटवाला

खर्ज, मुद्दा पक्का आहे. त्या लांबीलाही मापं होती, बरं का. 'एकोज' साडेतेवीस मिनिटं, जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीसच्या आसपास, 'क्लोज टू द एज' अठराच्या वर. एलपीची एक बाजू! त्यापुढे जायचं तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाज, विशेषतः खर्ज (तुम्ही नव्हे), बारीक होतो. एमर्सन-लेक-पामर असो की येस, महाकाव्य लिहिताना सगळ्यांची नजर रेकॉर्डच्या काठावर. जेथ्रो टलने १९७२ मध्ये 'थिक ॲज अ ब्रिक' दोन्ही बाजू मिळून एकच गाणं करून काढलं, बारा पानी खोट्या वर्तमानपत्राच्या वेष्टनात. ती मुळात या सगळ्या प्रकाराची टर होती. लोकांनी गंभीरपणे घेतली आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेली.

माझ्याकडच्या कॅसेटमध्ये नेमकी उलटायची जागा गाण्याच्या ऐन मध्यात यायची. खटकन बटण उडायचं आणि पुढच्या बाजूला मधलाच सूर.

म्हापशेंकार

गोव्यातून हजेरी. एवढं वेकमनपुराण झालं आणि विंदालूची गोष्ट कुणीच सांगितली नाही?

येसचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', डिसेंबर १९७३. बँडचा गायक जॉन अँडरसन याने टोकियोत योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं, त्यातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र असे शास्त्रांचे चार भाग वाचले आणि ठरवलं, चार भाग म्हणजे चार बाजू! दोन एलपी, चार गाणी. तळटीप वाचून कुणी एवढं मनावर घेतलेलं मी दुसरं ऐकलेलं नाही. बिचाऱ्या वेकमनला त्यात करायला काम कमी. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कार्यक्रम चालू असताना, ऑर्गनच्या खाली पहुडलेल्या त्याच्या मदतनिसाने विचारलं, नंतर जेवायला काय आणू? याने यादी सांगितली: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, भरलेला पराठा. त्या माणसाला वाटलं आत्ताच हवंय. थोड्या वेळाने वास दरवळला, आणि पठ्ठ्याने कीबोर्डवर मांडून कार्यक्रमातच जेवायला सुरुवात केली. तो स्वतः सांगतो हे. पुढच्या वर्षी बँड सोडला.

शास्त्रांचं एक वेळ सोडून देऊ, पण चिकनचं विंदालू? डुकराचं नाही तर विंदालू कसलं!

निळी शाई

हाहाहा! ऑफिसात मोठ्याने हसले.

एक विचारू? इतक्या प्रतिसादांत एकही बाई नाही. चमकी, सॅटिन, काजळ सगळं पुरुषांनीच वापरलं, बायका कुठे होत्या?

लीड्सची मावशी

निळी शाई, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर फार सुखाचं नाही. ग्लॅममध्ये ठळक नाव सूझी क्वाट्रो. डेट्रॉइटची, स्वतः बास वाजवणारी, १९७३ मध्ये 'कॅन द कॅन' इथे पहिल्या नंबरवर. आणि गंमत बघ, पुरुष चमकी लावत होते तेव्हा ही साध्या काळ्या चामड्याच्या पोशाखात. प्रॉगमध्ये 'कर्व्ड एअर'ची सोन्या क्रिस्टिना आणि 'रेनेसान्स'ची ॲनी हॅसलम. कर्व्ड एअर हे नावसुद्धा वर खर्ज म्हणाले त्या टेरी रायलीच्या रचनेवरून घेतलेलं. दोघी गायिका म्हणून आल्या, वाद्यं बहुतेक पुरुषांच्याच हातात.

मी इथे बऱ्याच उशिरा आले, पण त्या पिढीतल्या शेजारणी-मैत्रिणींकडून ऐकते. त्यांच्या बोलण्यात संगीताआधी दोन गोष्टी येतात, टीव्ही आणि वर्ग. बीबीसी वनवर रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झालं. रंगीत संच थोड्याच घरांत, पण त्या घरी पोरं जमायची. जुलै १९७२ मध्ये 'स्टारमॅन' म्हणताना बोवीने आपला गिटारवाला मिक रॉन्सन याच्या गळ्यात हात टाकला, ते ज्यांनी काळ्या-पांढऱ्यात पाहिलं त्यांनाही रंगीतच आठवतं! अशा घरांमधल्या पोरांकडे एका सिंगलपुरते पैसे असायचे. उलट जेनेसिसचे मुख्य लोक चार्टरहाउस या महागड्या निवासी शाळेतले. कॅसेटवाले ज्याला बाजार म्हणतात, त्याला इथली माणसं वर्ग म्हणतात. आणि १९७३-७४ च्या हिवाळ्यात तेलाच्या टंचाईने विनाइल महागलं, कारखाने आठवड्याला तीन दिवस चालायला लागले, तेव्हा सॅटिनची हौस करणारी पोरं अंधारातच बसायची.

पोशाख मात्र नुसता ग्लॅमवाल्यांचा नव्हे. सप्टेंबर १९७२ मध्ये डब्लिनला जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल गाण्याच्या मध्येच आत गेला आणि बायकोचा लाल झगा नि कोल्ह्याचं मुंडकं चढवून परत आला. बँडमधल्यांनाही आधी सांगितलं नव्हतं. तेव्हा प्रॉगवाल्यांनी चमकीला नाकं मुरडू नयेत.

वाईकर

कोल्ह्यावरून पुढचं आलं. आमच्या वाईच्या वरच पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारुख बलसारा शिकला, पियानो वाजवायचा, पोरांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता त्यात. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीला त्याचं नाव निघालं की सगळे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'वर येतात, पण या वादासाठी मार्च १९७४ चा 'क्वीन टू' ऐका. बाजूंना एक-दोन असे आकडे नाहीत, 'पांढरी' आणि 'काळी' बाजू अशी नावं. काळी बाजू सगळी फ्रेडीची: एकातून दुसरं गाणं, पऱ्या, राक्षस, राण्या, आवाजावर आवाज चढवलेले. हे प्रॉग. आणि फोटोत चौघांचे चेहरे, नखं काळी, मिक रॉकने काढलेला फोटो, म्हणजे बोवीचाच फोटोग्राफर. हे ग्लॅम. क्वीनला कोणत्या कप्प्यात टाकायचं हे तेव्हाच्या समीक्षकांना कळेना, म्हणून बऱ्याच जणांनी शिव्या घातल्या.

फोर्टकर

मुंबईचा एक दाखला माझ्याकडून. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने फोर्टातल्या पी. एम. रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन 'वंडरवॉल म्युझिक'चा भाग आणि 'द इनर लाइट'चा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला. ते बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आहे. त्याआधी 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेलं. सायकेडेलियाच्या वाड्याचा एक दरवाजा इकडे उघडत होता.

आणि भास्कर मेनन. आपल्या एचएमव्हीचा प्रमुख होता, पुढे अमेरिकेत कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीचा. 'डार्क साइड' अमेरिकेत जोर लावून खपवण्यात त्याचा हात मोठा. ती रेकॉर्ड बिलबोर्डच्या यादीत १९७३ ते १९८८ मध्ये ७४१ आठवडे होती.

नाटकवेडी

प्रॉगच्या नादातून जी रॉक ऑपेराची, म्हणजे रॉक गाण्यांतूनच गोष्ट सांगण्याची, टूम निघाली, तिची मराठीशी गाठ नंदू भेंडेंनी घातली हे कुणी म्हणेल म्हणून वाट बघत होते. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. अलेक पदमसींच्या मुंबईतल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास. मग पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. ऑर्गन-तबल्याच्या नाट्यपदांवर वाढलेल्या प्रेक्षकांसमोर त्या गळ्याने गायचं म्हणजे धाडसच होतं. माझ्या आईला ते अजिबात झेपलं नव्हतं, मामा मात्र पुन्हा जाऊन बघून आला.

अर्धवट

वाचनखूण साठवली. मग पंकने (ते नंतरचं साधं, रागीट रॉक) दोघांनाही मारलं ना?

कॅसेटवाला

'मारलं' हे पंकवाल्यांनी सांगितलेलं. 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडच्या जॉन लायडनने पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'आय हेट' लिहिलं ते प्रसिद्ध आहे. पण त्याच लायडनने १९७७ मध्ये कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्डी लावल्या, त्यात पीटर हॅमिलचीही गाणी होती, म्हणजे 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या कट्टर प्रॉग बँडचा गायक. शिवाय ग्लॅम आधीच सरलं होतं. बोवीने ३ जुलै १९७३ ला हॅमरस्मिथच्या मंचावर झिगी या आपल्या सोंगाला स्वतःच निरोप दिला. बोलन सप्टेंबर १९७७ मध्ये गाडीच्या अपघातात गेला. प्रॉगवाले पुढेही खपतच राहिले.

निळी शाई, कुठून सुरू करू असं तू विचारायच्या आत सांगतो: रॉक्सीचा पहिला अल्बम आणि 'क्वीन टू'ची काळी बाजू. मग फटकळ यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

फटकळ

म्हणतोच. सगळ्यात मोठा ग्लॅम बँड तुम्ही हळूच बाजूला सारलात. स्लेड! वुल्व्हरहॅम्प्टनकडचे, सहा नंबर एक, गायक नॉडी होल्डरची आरशांची टोपी. त्याआधी केस भादरून स्किनहेड बनून फिरायचे. ना पऱ्या, ना मेलोट्रॉन, ना हॉबिट. त्यांना तुमच्या वाड्यात कोणत्या खोलीत ठेवणार?

कॅसेटवाला

कुठल्याच नाही. स्लेड बाहेरचे. त्यांच्यावर आमचा दावा नाही.

लीड्सची मावशी

इतक्या सहज सोडू नका. स्लेडचा मॅनेजर आणि निर्माता चास चँडलर. म्हणजे जिमी हेंड्रिक्सला १९६६ मध्ये लंडनला आणणारा तोच!

फटकळ

मावशी, याला बादरायण संबंध म्हणतात.